तिन्ही भोकांत टेस्टर पेटला

बागेतले दिवे मी स्वतः बंद केले होते. तेहतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस खोलीतून निघताना दिवे-पंखे बंद करतोच, आणि आता तर बिल आपल्याच खिशातून जाणार होतं. तरी रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो आणि खिडकीतून पाहतो तर आठही खांबांवरचे दिवे मिणमिणत होते. धड लागलेले नाहीत, धड विझलेले नाहीत. हॉलच्या दाराशी जाऊन स्विच खाली केला, लख्ख उजेड पडला. वर केला, पुन्हा मिणमिण. दहा वेळा करून पाहिलं. बायको उठून आली आणि म्हणाली, "घर घेताना कुणी काही सांगितलं नव्हतं ना?"

घर रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर. डोंबिवलीची जागा विकून आम्ही ते जुनं बंगलेवजा घर घेतलं आणि दसऱ्याला राहायला आलो. आधीच्या मालकांना बागेची हौस दांडगी होती. फाटकापासून ओट्यापर्यंत गुडघाभर उंचीचे आठ लोखंडी खांब, प्रत्येकावर काचेचा दिवा. विहिरीच्या पंपाजवळ एक सॉकेट, फाटकाजवळच्या आंब्याखाली दुसरं, जोडसॉकेट. घर बघायला आलो ती संध्याकाळची वेळ होती, सगळे दिवे लावून ठेवले होते. बँकेत इतकी वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासली, पण त्या संध्याकाळी मी दिव्यांवर भाळलो, हे कबूल करतो.

विजेबद्दलचं माझं ज्ञान दोन वाक्यांचं होतं. लाल वायरीला हात लावायचा नाही, आणि लाईट गेली की आधी शेजाऱ्यांची गेली का ते बघायचं. तेवढ्या भांडवलावर मी आल्या आल्या आठही खांबांतले जुने बल्ब काढून एलईडी लावले होते. स्विच बंद करून, नीट काळजी घेऊन. माझ्या मते.

शेजारी म्हणाले, "एलईडी तशाच असतात हो, इंडक्शनने मिणमिणतात." गावातला एक मिस्त्री आला. त्याने एका खांबाचं झाकण उघडलं, टेस्टर लावला, "फेज आहे" म्हणाला, टेपचे चार वेढे मारले आणि तीनशे रुपये घेतले. मी विचारलं, "पण मिणमिण?" तो म्हणाला, "दिवा लागतोय ना? मग झालं." मलाही ते पटलं.

चार दिवसांनी बायको मोगऱ्याला पाणी घालत होती. तिथून ओरडली, "अहो, या खांबाला हात लागला की मुंग्या येतात!"

मी लक्ष्मणरेषेचा खडू घेऊन गेलो. विनोद करत नाही, खरोखर गेलो. खांबाभोवती मुंग्या शोधल्या, खडूची गोल रेघ ओढली, खांबाला हात लावून पाहिला. मला काही झालं नाही. "कुठायत मुंग्या?" असं विचारल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली, ती मला जन्मभर पुरेल. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. ती अनवाणी होती, पाय ओले होते. माझ्या पायात रबरी चपला होत्या. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

मग मी बाजारातून टेस्टर आणला. नवशिक्याच्या हातात टेस्टर आला की त्याला अख्खं घर तपासावंसं वाटतं. त्याच आठवड्यात बहीण आणि मेहुणे आले होते. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून आंब्याखाली खुर्च्या टाकल्या आणि आतला जुना लोखंडी टेबलफॅन फाटकाजवळच्या सॉकेटला लावला. पंखा फिरेना. बटण फिरवून पाहिलं, तरी नाही. मग शेजारच्या मोकळ्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. उजव्या भोकात पेटला. डाव्या भोकात पेटला. वरच्या मोठ्या भोकातही पेटला. मी मेहुण्यांना अभिमानाने म्हणालो, "भाऊजी, करंट भरपूर आहे! तिन्हीत येतोय. पंखाच बिघडलाय."

मेहुणे शाळेत विज्ञान शिकवायचे. ते खुर्चीतून उठले आणि इतकंच म्हणाले, "त्या पंख्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा."

त्यांनीच ओळखीचा एक मुलगा बोलावला. आयटीआय केलेला, वायरमनचा परवाना असलेला, परवानाधारक ठेकेदाराकडे काम करणारा. मोटारसायकलवरून आला, पाठीला पिशवी. काही उघडण्याआधी त्याने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवे कधी मिणमिणतात? काकूंना खांबाला झिणझिण आली तेव्हा स्विच चालू होता की बंद? पंख्याला हात लावला होता का?

"लावला ना, बटण फिरवायला."

"बटण प्लॅस्टिकचं. जाळीला नाही ना लागला?"

"नाही."

तो काही बोलला नाही, वहीत लिहून घेतलं. बँकेत ऑडिटर असे गप्प बसले की आमच्या पोटात गोळा यायचा, त्याची आठवण झाली.

मेन बंद करून त्याने मोगऱ्याजवळचा खांब उघडला. चार स्क्रू, त्यातले दोन गंजून गेलेले. झाकण निघालं आणि आतून आधी मुंग्या बाहेर आल्या. खऱ्या, लाल, अंड्यांसकट. बायको म्हणाली, "घ्या तुमचा खडू." आत दुधाची प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली होती, पावसापासून जोड वाचवायला. पिशवीत चमचाभर पाणी साठलेलं. पाण्यात पिळून जोडलेल्या वायरी, त्यांच्यावरची काळी टेप उन्हाने वितळून चिकट झालेली, आणि टेपच्या फटीतून दिसणारं तांबं हिरवं पडलेलं. एका कोपऱ्यात पालीचा सुकलेला सांगाडा. आधीच्या मिस्त्रीने मारलेले चार नवे वेढे या सगळ्याच्या वर, चकचकीत.

"ही पिशवी पाणी बाहेर ठेवत नाही काका, आत धरून ठेवते," तो म्हणाला. मग त्याने वायर जमिनीत जाते ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने उकरली. चार बोटांवर पाइप लागला. अर्ध्या इंचाचा पांढरा पीव्हीसी, घरात भिंतीत घालतात तो. त्यातून घरातल्या पंख्या-दिव्याला वापरतात तसली चपटी वायर. पाइपाचं टोक उघडं केलं आणि त्यातून पाणी वाहायला लागलं, नळ सोडल्यासारखं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला थोडा माझ्या पाइपात मुक्कामाला होता.

मग मिणमिणण्याचं कोडं सुटलं. दिव्याला दोन वायरी जातात. फेज वीज आणते, न्यूट्रल परत नेते. स्विच नेहमी फेजवर बसवायचा, म्हणजे बंद केला की दिव्यापर्यंत वीज पोचतच नाही. आमच्याकडे तो न्यूट्रलवर बसवला होता. स्विच बंद केला की परतीचा रस्ता तेवढा तुटायचा. फेज थेट खांबापर्यंत जाऊन चोवीस तास उभी. ओल्या वायरीतून आणि आजूबाजूच्या जमिनीतून नखभर वीज झिरपत राहायची. जुन्या बल्बला तेवढीने काही होत नव्हतं. एलईडीला पुरायची.

"म्हणजे मी स्विच बंद करून बल्ब बदलले तेव्हा..."

"होल्डरमध्ये दोनशे तीस व्होल्ट होते."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. आठ बल्ब. आठ वेळा होल्डरमध्ये बोट.

खांबाच्या मुंग्यांचंही तेच कारण. ओल्या जोडातून फेज लोखंडाला लागत होती आणि खांबाला अर्थिंग नव्हतं. मी विचारलं, मग एमसीबी का पडला नाही? त्याने वहीत हिशेब मांडून दाखवला. एमसीबी दहा अँपिअरचा, म्हणजे दहा हजार मिलिअँपिअरचा. तो वायर तापून जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. माणसाला एक मिलिअँपिअरला झिणझिण कळते, दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, तीसच्या पुढे जिवाशी खेळ. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या घरात उतरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. एमसीबीच्या लेखी ही रक्कम किरकोळ.

आता आंब्याखालचं सॉकेट. माझ्या अभिमानाचं. त्याने पुढची प्लेट काढली. समोरून बघताना उजवं भोक फेजचं, डावं न्यूट्रलचं आणि वरचं मोठं अर्थचं, हे मला त्या दिवशी कळलं. अर्थच्या स्क्रूला हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या स्क्रूवरून वायरीचा एक दोन इंची तुकडा घेऊन अर्थच्या स्क्रूत अडकवला होता.

तो मान हलवत म्हणाला, "काका, ह्याला काही अर्थ नाही."

"म्हणजे, उपयोग नाही?"

"नाही हो, अर्थच नाही. अर्थिंग. नुसता देखावा केलाय."

आणि हा देखावा नुसत्या अभावापेक्षा वाईट. आमच्या बाबतीत फाटकाकडे जाणारी न्यूट्रल जमिनीतल्या जोडात कुजून तुटली होती. त्यामुळे पंख्यात शिरलेली वीज परत जाऊ शकत नव्हती. पंखा फिरला नाही, पण वीज त्याच्या गुंडाळीतून न्यूट्रलच्या भोकापर्यंत आली, तिथून त्या दोन इंची तुकड्यावरून अर्थच्या भोकात, आणि अर्थच्या पिनेतून पंख्याच्या लोखंडी अंगावर. म्हणून तिन्ही भोकांत टेस्टर पेटला. मला वाटलं होतं भरपूर करंट आहे. खरं तर मी ज्याच्याकडे वाकून बघत होतो, तो पंखा नखशिखांत जिवंत होता. जाळीला हात लागला असता आणि पायात चपला नसत्या, तर पुढचं मेहुण्यांना सांगावं लागलं असतं.

"विजेचा धक्का लागून मृत्यू" ही दोन ओळींची बातमी पेपरात आपण रोज ओलांडून पुढे जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत अशी माणसं वर्षाला दहा हजारांच्या वर असतात. त्यांच्यातले किती जण माझ्यासारखे "करंट भरपूर आहे" म्हणाले असतील, कोण जाणे.

टेस्टरवर मी रागावलो, पण त्याचा दोष नव्हता. तो फक्त एवढंच सांगतो की इथे वीज आहे. परतीचा रस्ता शाबूत आहे का, अर्थ खरं आहे का, स्विच बरोबर वायरीवर आहे का, यातलं काही तो सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वायरमन मुलाने मेन बोर्डात बागेपुरतं एक यंत्र बसवलं. आरसीसीबी. हे यंत्र काय करतं ते सांगताना तो अडखळला, पण मला ते पहिल्या वाक्यात समजलं, कारण आयुष्यभर मी तेच केलं. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह हे यंत्र सतत ताडून बघतं. जितकं गेलं तितकं आलं पाहिजे. कमी आलं, तर मधला फरक कुठेतरी झिरपतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की ते निमिषात लाईन तोडतं. म्हणजे संध्याकाळी कॅश जुळवणारा कॅशिअरच, फक्त तो दिवसाअखेरीस नाही, क्षणोक्षणी जुळवतो.

चालू केलं, फाट्कन पडलं. दिवे लावलेलेसुद्धा नव्हते. मुलाने मेगर काढला. वायरीच्या कवचातून किती गळतं ते हे मीटर पाचशे व्होल्ट देऊन मोजतं. निदान एक मेगओम तरी यायला हवा, मोगऱ्याच्या खांबाकडची लाईन शून्याला चिकटली होती. असे तीन खांब निघाले. ते सोडवून ठेवले. आरसीसीबी टिकला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्याने उरलेले पाच दिवे लावले. फाट्कन.

आता तर वायरी कोरड्या होत्या. त्याला तासभर लागला. दिव्यांची फेज नव्या आरसीसीबीतून निघत होती. पण पूर्वी कुणीतरी वायर वाचवायला त्यांची न्यूट्रल पोर्चच्या दिव्याच्या न्यूट्रलला जोडून टाकली होती. गेलेला प्रवाह बागेच्या खात्यात, आलेला पोर्चच्या. मी म्हणालो, "म्हणजे पैसे माझ्या काउंटरवरून दिले आणि भरणा शेजारच्या काउंटरवर." तो म्हणाला, "तसंच. ह्याला उसना न्यूट्रल म्हणतात."

त्या क्षणी मला आमच्या शाखेतले एक जुने हेडक्लार्क आठवले. ते म्हणायचे, ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं तरी तो जुळतो. माझी बाग तशीच होती. उलटा स्विच, उसना न्यूट्रल, खोटं अर्थ, भिजलेला पाइप. आणि दिवे लख्ख लागत होते.

मग सगळं उपसायचं ठरलं. नियमाने अशी केबल अडीच फूट खोल, वाळूच्या थरावर, वर विटा रचून गाडायची. पण सड्यावर अडीच फूट म्हणजे निखळ जांभा. म्हणून केबल कंपाउंडच्या चिरेबंदी गडग्यावरून क्लँप मारून नेली आणि खांबांकडे वळते तिथेच चर खणला. केबल पोलादी तारांच्या चिलखताची, तीन कोअरची, अडीच एमएमची. घुशीने चावली तरी दातच जातील. खांबांत आणि सॉकेटला आयपी ६५ चे डबे. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाच म्हणजे पाण्याची धार मारली तरी आत शिरणार नाही. पण डबा चांगला असून भागत नाही. केबल वरून आत घातली की पाणी तिच्या अंगावरून ओघळत आत येतं. म्हणून ती खालून, ग्लँडमधून घ्यायची. तुळशीवृंदावनाजवळचा दिवा १२ व्होल्टचा केला, त्याचा व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर घरात कोरड्या जागी. तिथे रोज ओल्या हातांनी पाणी घातलं जातं, म्हणून.

अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा यावर मात्र चर्चा रंगली. कोरड्या जांभ्यात अर्थ लागत नाही, ओल हवी. न्हाणीचं पाणी जातं तिथल्या केळींजवळची जागा मुलाला पसंत पडली. जुन्या पद्धतीने कोळसा आणि मीठ घालतात म्हटल्यावर बायको केळींच्या बाजूने उभी राहिली. शेवटी मिठाऐवजी तयार भरावाची पूड मिळते ती टाकली. अर्थची हिरवी वायर तिथून प्रत्येक खांबाला आणि दोन्ही सॉकेटना गेली. मी विचारलं, आरसीसीबी असताना याची गरज काय? तो म्हणाला, "अर्थ नसेल तर खांबावर आलेली वीज तिथेच वाट बघत बसते, काकूंचा हात लागेपर्यंत. आरसीसीबी तोडेल, पण झटका बसल्यावर. अर्थ असेल तर गळती सुरू झाली की लगेच लाईन पडते, कुणी हात लावायच्या आधी." शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर गेलेलं आणि आलेलं बरोबर जुळतं आणि आरसीसीबीला काही कळत नाही, हेही त्याने बजावलं.

एकूण खर्च एका बऱ्यापैकी मोबाईलएवढा आला. ठेकेदाराने परवाना क्रमांकासह बिल आणि टेस्ट रिपोर्ट दिला. तो मी घराच्या खरेदीखताच्या फाइलला लावला आहे. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं असा कायदाच आहे, हेही मला तेव्हाच कळलं. दिवे आता बंद केले की बंद होतात. रात्री दोन वाजता खिडकीबाहेर काळोख असतो आणि मला तो फार आवडतो.

कोकणात पाऊस यायच्या आधी आगोटीची कामं असतात. कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, पन्हळी साफ करायच्या. आमच्या यादीत आता आणखी तीन आहेत. मेन बंद करून बागेतला प्रत्येक डबा वायरमनकडून उघडून बघायचा, मेगर लावून घ्यायचा, आणि मे महिन्यात अर्थच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं. चौथं काम बारमाही आहे. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की मी ते दाबतो. फाट्कन लाईन पडली की यंत्र जागं आहे असं समजायचं आणि पुन्हा वर करायचं.

तुमच्या घरातही ते बटण असेल तर आज एकदा दाबून बघा. दाबून लाईन पडली नाही, किंवा बोर्डात ते बटणच सापडलं नाही, तर बागेतल्या दिव्याला हात लावण्याआधी वायरमनला बोलवा. आणि तो "दिवा लागतोय ना?" असं म्हणाला, तर दुसरा बोलवा.